अध्यापक-प्रशिक्षणाचा कस वर्गातच लागावा

महाविद्यालयात शिकवणाऱ्या अध्यापकालाही शिकवण्याच्या कलेचे रीतसर शिक्षण मिळाले पाहिजे, आणि ते एकेका संस्थेने आपल्या तुटपुंज्या बळावर न देता अनेक विद्यापीठांनी एकत्र येऊन, परस्परांच्या अनुभवाची आणि माणसांची देवघेव करीत दिले पाहिजे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या, आणि ज्याच्या सदस्य-सचिवपदाची धुरा जे. पी. नाईक यांच्यासारख्या कर्त्या महाराष्ट्रीय शिक्षणतज्ज्ञाने वाहिली, त्या कोठारी आयोगाने नव्या प्राध्यापकांच्या उद्बोधनाची निकड प्रतिपादली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्या प्रतिपादनाला मूर्त रूप दिले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पैशातून ठिकठिकाणच्या विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उभी राहिली. चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग असा त्यांचा शिरस्ता पडला, पुढे ती मनुष्यबळ विकास केंद्रे म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मालवीय मिशन या नावाखाली देशभरातील १११ केंद्रांमधून उच्च शिक्षणातील पंधरा लाख अध्यापकांपर्यंत पोहोचण्याचा संकल्प सरकारने जाहीर केला. संकल्प मोठा आहे, आणि तो सिद्धीस जावा अशीच कोणाही शिक्षणप्रेमी माणसाची इच्छा असणार. परंतु या साऱ्या उद्योगाचे फलित ज्या जागी मोजले जाते ती जागा चुकीची आहे, आणि जोपर्यंत हे मोजमाप प्रशिक्षण केंद्राच्या सभागृहातून उचलून विद्यार्थ्यांच्या वर्गात नेले जात नाही तोपर्यंत कितीही केंद्रे वाढवली तरी आपल्या हाती केवळ प्रमाणपत्रांची बेरीज उरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

उजळणी वर्गाचा अखेरचा दिवस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे स्वरूप पुरते ठाऊक असते. समारोपाचे भाषण संपते, आभारप्रदर्शन होते, आणि प्रमाणपत्रे वाटण्यापूर्वी एक छापील प्रपत्र, किंवा अलीकडे मोबाइलवर उघडणारा गुगल फॉर्म, सहभागी प्राध्यापकांपुढे येतो. व्याख्यात्यांची निवड समाधानकारक होती काय, विषयांची मांडणी उपयुक्त वाटली काय, निवास आणि भोजनाची व्यवस्था कशी होती, अशा प्रश्नांपुढे एक ते पाच या आकड्यांपैकी एकावर खूण करावयाची असते. परतीची गाडी गाठावयाची असते, आयोजकांनी मनापासून आतिथ्य केलेले असते, दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या समव्यवसायींशी जिव्हाळा जुळलेला असतो, आणि म्हणून बहुतेक खुणा साहजिकच चार किंवा पाच या आकड्यांवर पडतात. त्या खुणांत खोटेपणा नसतो; सहभागींचे समाधान अगदी खरे असते. पण हा अध्यापक पुढच्या जूनमध्ये आपल्या वर्गात उभा राहील तेव्हा तो निराळे काय करील, आणि त्याने तसे केल्यामुळे बाकांवर बसलेल्या मुलामुलींना काय अधिक उमजेल, यांविषयी ते समाधान एक अक्षरही सांगत नाही.

या प्रपत्राच्या पलीकडे जे काही दप्तरात जमा होते ते म्हणजे हजेरीपट आणि दाखला. पदोन्नतीच्या योजनेत वरची वेतनश्रेणी मिळण्यासाठी हे वर्ग पूर्ण केल्याचा दाखला जोडावा लागतो, आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांतही किती अध्यापकांनी अशा कार्यक्रमांत भाग घेतला याचे प्रमाण विचारले जाते. व्यवस्था जे मागते तेच माणसे पुरवतात, हा कारभाराचा सर्वत्र आढळणारा नियम आहे. आपण उपस्थिती मागितली, उपस्थिती मिळाली. वर्गातील परिवर्तन कोणी मागितलेच नाही, आणि ते कोठे घडले असेल तर त्याची नोंद ठेवण्याची तरतूदही कोणी केली नाही. यात एकट्यादुकट्या अध्यापकाला किंवा केंद्रसंचालकाला दोष देण्यात अर्थ नाही. उलट, ज्या अध्यापकाने प्रशिक्षणातून परतल्यावर जिवापाड मेहनत करून आपला वर्ग बदलला, त्याच्यावर या व्यवस्थेत सर्वाधिक अन्याय होतो, कारण त्याची आणि ज्याने केवळ दाखला आणून फायलीला लावला त्याची गणना कागदावर सारखीच होते.

प्रशिक्षितांच्या स्वतःच्या सांगण्यावर किती विसंबावे, याचे एक बोलके प्रमाण अमेरिकेतील एका अभ्यासाने पुढे ठेवले आहे. तेथे विविध विद्यापीठांतील जीवशास्त्राच्या अध्यापकांसाठी, निव्वळ व्याख्यान न देता विद्यार्थ्यांना विचारप्रवृत्त करणारे अध्यापन कसे करावे याच्या कार्यशाळा झाल्या होत्या. डायान एबर्ट-मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अध्यापकांच्या वर्गांचे चित्रमुद्रण मिळवून ते बारकाईने तपासले आणि २०११ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्यांपैकी ८९ टक्के अध्यापकांनी, आपण आपल्या अभ्यासक्रमात विद्यार्थिकेंद्री बदल केल्याचे सांगितले होते. प्रत्यक्ष चित्रफितींत मात्र ७५ टक्के अध्यापक पूर्वीप्रमाणेच व्याख्यान देताना दिसले. हे अध्यापक असत्य बोलत नव्हते. आपण बदललो आहोत असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते, कारण मनातील संकल्प आणि हातातील सवय यांमधील अंतर ज्याचे त्याला सहसा दिसत नाही. ते बाजूला बसलेल्या दुसऱ्या माणसाला दिसते. याच अभ्यासकांनी पुढे अध्यापनाच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुण संशोधकांसाठी दीर्घ मुदतीचे, प्रत्यक्ष शिकवून पाहण्याची संधी देणारे प्रशिक्षण योजिले, तेव्हा त्यांच्या वर्गांत मात्र विद्यार्थिकेंद्री अध्यापन खरोखर दिसून आले. म्हणजे प्रशिक्षण निष्फळच असते असे मुळीच नाही. कोणते फळते आणि कोणते फळत नाही हे वर्गात जाऊन पाहिल्यावाचून कळत नाही, एवढाच याचा इत्यर्थ आहे.

आरे कॉलनीच्या आसपास ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना या बाबतीत दुधाच्या परीक्षेचा दृष्टान्त सुचल्यावाचून राहत नाही. मुंबईतील गोठे शहराबाहेर हलवून नागरिकांना निर्भेळ दूध मिळावे म्हणून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये ही वसाहत आकाराला आली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. दुग्धशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभीच जे शिकवतात ते असे, की लॅक्टोमीटर दुधात सोडला म्हणजे तो दुधाची घनता सांगतो. दुधात पाणी घातले तर घनता उतरते, परंतु दुधावरची साय काढून घेतली तर ती वाढते, आणि म्हणून ज्याने आधी साय काढली व मग बेताने पाणी मिसळले त्याचे दूध लॅक्टोमीटरच्या परीक्षेत निर्दोष ठरू शकते. या लबाडीवर उपाय म्हणून स्निग्धांशाची दुसरी, अगदी स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागते. ब्यूटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत प्रथम गंधकाम्ल, त्यावर मोजून घेतलेले दूध आणि मग थोडे अमाइल अल्कोहोल घालून ती बुचाने बंद करतात. हलवताना ती हाताला चटका बसावा इतकी तापते, आणि यंत्रात गरगर फिरवून बाहेर काढली म्हणजे स्निग्धांशाचा पिवळसर पारदर्शक स्तंभ नळीवरच्या रेघांपुढे स्वच्छ उभा राहतो. एका साधनाला चकवता येते. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन साधनांना एकाच वेळी चकवणे फार कठीण असते. अध्यापक-प्रशिक्षणाच्या बाबतीत आपण आजवर केवळ पहिल्या साधनावर भिस्त ठेवली आहे, आणि स्निग्धांश मोजण्याची तसदी घेतलेली नाही.

हा स्निग्धांश कोठे शोधावा, याचे शास्त्र अज्ञात नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ च्या सुमारास प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: प्रशिक्षितांना काय वाटले, ते काय शिकले, त्यांच्या वर्तनात काय बदलले, आणि अखेर परिणाम काय झाला. शिक्षणक्षेत्रासाठी टॉमस गस्की यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पाच पायऱ्यांची मांडणी केली आणि मध्ये एका फार महत्त्वाच्या पायरीची भर घातली. अध्यापक नवे शिकून आला, पण तो ज्या संस्थेत परतला त्या संस्थेने त्याला साथ दिली काय, हा प्रश्न त्यांनी स्वतंत्रपणे विचारला. आपल्याकडील परिस्थिती ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना या प्रश्नाचे मर्म तात्काळ उमगेल. गटचर्चेचे तंत्र शिकून आलेल्या प्राध्यापिकेच्या वर्गात सव्वाशे मुले जमिनीला ठोकलेल्या लांब बाकांवर बसलेली असतील, तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा असेल, सत्राच्या मध्यावर अभ्यासक्रम किती पुरा झाला याचा तगादा लागत असेल, आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत टिपा लिहा व सविस्तर उत्तरे द्या यांपलीकडे काही विचारले जात नसेल, तर ती शिकलेले तंत्र दिवाळीपर्यंत विसरून गेली याचा दोष तिच्या माथी मारता येणार नाही. मूल्यमापन म्हणजे अध्यापकाची झडती, अशी जी समजूत आहे ती येथेच खोटी ठरते. नीट केलेले मूल्यमापन प्राचार्यांना, संस्थाचालकांना आणि खुद्द विद्यापीठाच्या परीक्षा विभागालाही जाब विचारते.

या कामी आपल्याला दूर जाण्याचीही गरज नाही. आरेच्या पूर्वेला विहार तलाव आणि त्याच्या दक्षिणेला पवईची आयआयटी आहे. माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाखाली, दीपक फाटक यांच्या नेतृत्वाने या संस्थेने गेल्या दशकात दहा हजार अध्यापकांना शिकवण्याचा एक उपक्रम राबवला, आणि त्यात खरगपूरची आयआयटीही सहभागी झाली. त्याची रचना विचारपूर्वक केलेली होती. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये दूरस्थ केंद्रे म्हणून जोडली गेली. प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला आधी बोलावून घेऊन तयार केले गेले. मग मुख्य कार्यशाळेत व्याख्याने पवईहून थेट प्रक्षेपित होत आणि प्रयोग, उदाहरणे व चर्चा ही कामे त्या त्या केंद्रात स्थानिक समन्वयकाच्या देखरेखीखाली चालत. ज्ञान एका जागेहून निघाले तरी त्याची जबाबदारी अनेकांनी वाटून घेतली होती, आणि सहकार्य या गोष्टीचा खरा अर्थ हाच आहे. त्याच संस्थेत शैक्षणिक तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी आपल्या प्रशिक्षणाच्या आराखड्यात अखेरचा टप्पा असा ठेवला, की अध्यापकाने शिकलेली पद्धती स्वतःच्या वर्गात वापरावी आणि तिचा परिणाम काय झाला याची स्वतःच शहानिशा करावी. अध्यापकालाच त्याच्या वर्गाचा संशोधक करणारा हा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. मूल्यमापन प्रशिक्षणानंतर जोडलेले शेपूट राहत नाही. ते प्रशिक्षणाचाच कणा होते.

आता ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे त्या विद्यार्थ्याकडे वळू. आरेच्या हद्दीत आदिवासींचे सत्तावीस पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी या समाजांची कुटुंबे वसाहत होण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे नांदत आहेत. केलटीपाड्यातून किंवा खांबाच्या पाड्यातून गोरेगाव, जोगेश्वरी अथवा अंधेरीच्या महाविद्यालयात येणारा मुलगा अनेकदा आपल्या घरातला पदवीच्या वर्गात बसणारा पहिलाच असतो. घरी वारली बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि महाविद्यालयाच्या पहिल्या तासाला एकदम इंग्रजी, अशा तीन भाषांचे उंबरठे त्याने ओलांडलेले असतात. उपनगरातील महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना अशा मुलांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. ‘डिमांड कर्व्ह’, ‘इलॅस्टिसिटी’, ‘मार्जिनल युटिलिटी’ हे शब्द देवनागरीत लिहिलेले, आकृती फळ्यावरून हुबेहूब उतरवलेली, अक्षर नेटके, आणि आकृतीतील रेषा उजवीकडे का उतरते याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. अध्यापकाने ‘समजले ना?’ असे विचारल्यावर सर्व वर्गाबरोबर हा मुलगाही मान डोलावतो. ज्या प्रशिक्षणानंतर अध्यापक हा प्रश्न विचारणे सोडून देतो, आणि त्याऐवजी, भेंडीचा भाव दुप्पट झाला तर तुझी आई काय करील, असे विचारून दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोलण्याची मुभा देतो, ते प्रशिक्षण फळाला आले असे मी म्हणेन. पण हे पाहण्यासाठी त्या वर्गात बसावे लागते आणि त्या वहीत डोकावावे लागते.

येथे कोणी म्हणेल, की मग विद्यार्थ्यांनाच विचारावे. विद्यार्थ्यांना अवश्य विचारावे, पण त्यांना काय आवडले एवढेच विचारून थांबू नये. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की ज्या विद्यार्थ्यांना स्वतः विचार करून प्रश्न सोडवावे लागले ते चाचणीत अधिक शिकलेले दिसले, मात्र आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. उलट ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण खूप शिकलो असा भास झाला होता. शिकण्यात कष्ट असतात, आणि कष्ट होत असताना प्रगती होत आहे हे ध्यानी येत नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या पसंतीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, त्याच्या आकलनाकडे पाहिले पाहिजे. पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांना १९९२ पासून फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी या नावाची एक छोटी प्रश्नावली उपलब्ध आहे; बल आणि गती यांविषयीच्या मूलभूत कल्पना विद्यार्थ्याच्या मनात कितपत स्थिर झाल्या हे ती सत्राच्या आरंभी आणि अखेरीस मोजते. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये अशाच चाचण्यांच्या आधारे ६२ अभ्यासक्रमांतील साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले, तेव्हा विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांतील आकलनाची वाढ व्याख्यानप्रधान वर्गांहून कितीतरी अधिक असल्याचे स्पष्ट झाले. अनेक संस्थांनी एकच प्रश्नावली वापरली म्हणूनच ही तुलना शक्य झाली. विद्यापीठांच्या जाळ्याचा मोठा लाभ आहे तो हा. एकटे महाविद्यालय असा पुरावा कधीच उभा करू शकत नाही.

महाराष्ट्राच्या परंपरेतही याचे बीज आहे. सत्तरीच्या दशकात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने वि. गो. कुळकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात शाळांसाठी काम केले, आणि मागास म्हणून ज्यांची गणना होत होती त्या मुलांच्या अपयशामागे बुद्धीची उणीव नसून पाठ्यपुस्तकांची दुर्बोध भाषा हा मोठा अडसर आहे, या निष्कर्षाकडे त्या केंद्राचे संशोधन गेले. मुलांना प्रत्यक्ष तपासले, त्यांच्या चुका वाचल्या, म्हणून हे कळले. शिक्षकांनी प्रशिक्षणाला किती गुण दिले एवढेच पाहिले असते तर ते कधीच कळले नसते.

तेव्हा करावयाचे काय, याचा विचार नेमकेपणाने मांडणे माझे कर्तव्य आहे. पहिली गोष्ट अशी, की मालवीय मिशनच्या केंद्रांनी आणि पुण्यातील महाराष्ट्र राज्य अध्यापक विकास संस्थेने प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी सहभागी अध्यापकाच्या वर्गाची आजची स्थिती नोंदवून घ्यावी. आधीचे चित्र हाती नसेल तर नंतरच्या चित्राला अर्थ राहत नाही. दुसरी गोष्ट, प्रशिक्षणानंतर दोन सत्रे लोटल्यावर त्याच विषयाच्या दोन समव्यवसायी अध्यापकांनी, ज्यांपैकी एक दुसऱ्या विद्यापीठाचा असेल, त्या वर्गात बसावे. निरीक्षणासाठी साधी पद्धत आहे. ब्रिटिश कोलंबिया आणि मेन या विद्यापीठांतील अभ्यासकांनी २०१३ मध्ये सिद्ध केलेल्या कोपस या नमुन्यात निरीक्षक दर दोन मिनिटांनी अध्यापक काय करीत आहे आणि विद्यार्थी काय करीत आहेत एवढीच नोंद करतो, चांगले-वाईट असा शेरा मारीत नाही, आणि ती पद्धत दीड-दोन तासांत शिकता येते. तिसरी गोष्ट, प्रत्येक विषयासाठी मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत संकल्पनांची एक समान प्रश्नावली तयार व्हावी आणि तिच्या निकालांत घरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचे निकाल स्वतंत्रपणे पाहिले जावेत, कारण सरासरीच्या आड पाड्यावरून आलेला मुलगा सहज दिसेनासा होतो. चौथी गोष्ट, प्राचार्यांनी लेखी कैफियत द्यावी, की परतलेल्या अध्यापकासाठी संस्थेने काय बदलले. आणि पाचवी, कार्यक्रम सर्व महाविद्यालयांत एकाच वर्षी सुरू न करता टप्प्याटप्प्याने न्यावा, म्हणजे ज्यांची पाळी पुढील वर्षी आहे ती महाविद्यालये तुलनेसाठी आपोआप उपलब्ध होतील.

या सूचनांवर आक्षेप येणार, आणि त्यांपैकी काही आक्षेप रास्त आहेत. वर्गात परका माणूस येऊन बसणे म्हणजे इन्स्पेक्टरशाहीचे पुनरागमन, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. शाळाखात्याच्या तपासणीने शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांना सहज वागणे विसरायला लावले होते. म्हणून निरीक्षणाची नोंद केवळ त्या अध्यापकाच्या हाती द्यावी, प्राचार्यांकडे किंवा संचालनालयाकडे ती नावानिशी जाऊ नये, आणि केंद्राकडे फक्त एकत्रित आकडे जावेत, असा दंडक घालून दिला पाहिजे. पदोन्नतीशी असलेला संबंधही याच दृष्टीने तपासावा: पदोन्नतीसाठी या संपूर्ण प्रक्रियेत सहभागी होणे पुरेसे मानावे, निकाल काय लागला यावर ती अवलंबून ठेवू नये. ज्याला आपले अपयश सांगितल्याने नुकसान होईल तो अपयश सांगणार नाही, आणि अपयश न सांगितले गेले तर मूल्यमापनातून शिकण्यासारखे काही उरणार नाही. वाङ्मय, तत्त्वज्ञान, इतिहास यांचे अध्यापन प्रश्नावलीत मावत नाही, हा आक्षेपही मला मान्य आहे; त्या विषयांत विद्यार्थ्यांनी वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस लिहिलेले निबंध दोन अपरिचित वाचकांनी वाचावेत. पद्धती विषयागणिक बदलेल, पण विद्यार्थ्याच्या आकलनाकडे पाहण्याचे तत्त्व बदलणार नाही.

सर्वांत जड आक्षेप मनुष्यबळाचा आहे. राज्यातील महाविद्यालयांत मंजूर पदे मोठ्या संख्येने रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक त्यांचा भार वाहत आहेत. ज्याला तासाप्रमाणे मानधन मिळते, सुट्टीत ते मिळत नाही, पुढील वर्षी नेमणूक होईल याची शाश्वती नाही आणि पदोन्नतीचा प्रश्नच उद्भवत नाही, त्याने काही आठवडे रोजीरोटी सोडून प्रशिक्षणाला कशासाठी जावे? तरीही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे बहुधा तोच उभा असतो. म्हणून प्रामाणिक मूल्यमापनाने हेही उघड केले पाहिजे, की पाड्यावरच्या मुलाला शिकवणाऱ्या अध्यापकांपैकी किती जणांपर्यंत प्रशिक्षण पोहोचलेच नाही. हा आकडा सरकारला रुचेल असा नसला तरी तो जाहीर होणे लोकहिताचे आहे, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांना प्रशिक्षणकाळातील मानधन देण्याची तरतूद त्यातूनच पुढे येऊ शकेल.

हा प्रयोग मुंबईच्या उपनगरांतच करून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पवईची आयआयटी, कालिन्याचे मुंबई विद्यापीठ, जुहूचे संकुल असलेले श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, मानखुर्दचे होमी भाभा केंद्र आणि गोरेगावला आरेच्या परिसरात संकुल असलेले, १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, इतक्या परस्परपूरक संस्था एका लोकल गाडीच्या अंतरावर अन्यत्र क्वचितच आढळतील. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची पदवी स्तरावरील अंमलबजावणी राज्यात सुरू झालेली असल्याने अभ्यासक्रम तसेही नव्याने रचले जात आहेत. हीच वेळ योग्य आहे. एक विषय निवडावा, आरेपासून जवळची दहा महाविद्यालये निवडावीत, त्यांत १९३० पासून जोगेश्वरीत उभे असलेले इस्माईल युसूफ हे शासकीय महाविद्यालयही असावे, प्रशिक्षणाच्या खर्चाचा दहावा हिस्सा मूल्यमापनासाठी राखून ठेवावा, आणि दोन वर्षांनी यशापयशासह संपूर्ण अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा. त्या अहवालातून जर असे निघाले, की आपल्या उजळणी वर्गांपैकी काहींचा विद्यार्थ्यांना कवडीचाही उपयोग झाला नाही, तर ते वर्ग बंद करण्याचे धैर्य विद्यापीठांनी दाखवावे आणि वाचलेला पैसा जे वर्ग फळाला आले त्यांकडे वळवावा. अध्यापकांच्या प्रशिक्षणावर होणारा खर्च हा अखेर करदात्याचा पैसा आहे, त्या करदात्यांत पाड्यावर भाजी पिकवून ती गोरेगावच्या बाजारात विकणारी आईही बाजारहाट करताना आपला वाटा भरत असते, आणि आपल्या मुलाला महाविद्यालयात काय उमजले याचा हिशेब मागण्याचा पहिला अधिकार तिचा आहे.